बॉल कुठला आणायचा?

गॅदरिंगच्या आधी इंटर-हॉस्टेल क्रिकेटच्या मॅचेस लागतात आणि त्याच्याही आधी पंधरा दिवस प्रत्येक हॉस्टेलच्या गच्चीवर मीटिंग भरते. टीममध्ये कोण, कॅप्टन कोण, टी-शर्टचा रंग कुठला, पाठीवर खरं नाव टाकायचं की हॉस्टेलनं दिलेलं, यावर रात्रीचे दोन वाजतात. बॅटवर तर स्वतंत्र चर्चासत्र होतं. कुणाच्या मामानं दिलेली बॅट, तिला पाजलेलं तेल, तिचा आवाज. सगळं ठरतं, चटया गुंडाळल्या जातात, आणि जिन्यात उतरता उतरता कुणीतरी विचारतं, "अरे, बॉल?" त्यावर खालून उत्तर येतं, "येताना घेऊन ये रे कुठला तरी."

माझा सगळा आक्षेप या "कुठला तरी"वर आहे.

आणि हा आक्षेप आत्ताच घ्यायचं कारण असं, की पुढच्या वर्षीपासून आपल्या स्पर्धा सीझन बॉलवर घ्याव्यात असा ठराव जिमखान्याच्या मीटिंगमध्ये येणार आहे. मासिक तुमच्या हातात पडेल तोवर तो आलेलाही असेल. ठराव मांडणारे माझे मित्रच आहेत. चांगले खेळतात, मनापासून बोलतात. तरीही माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे, आणि गच्चीवर आरडाओरड करून ते सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

सुरुवात थोडी लांबून करतो. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी बोर्डवर दोन गोल काढले. एक गुळगुळीत, दुसरा खळग्या-खळग्यांचा. दुसरा म्हणजे गोल्फचा बॉल. आमच्या वर्गात गोल्फचा बॉल प्रत्यक्ष हातात धरलेला एकही इसम नव्हता, पण परीक्षेला येतो म्हणून सगळ्यांनी तो निमूटपणे वहीत उतरवला. गोष्ट मात्र मजेशीर आहे. एकोणिसाव्या शतकात गोल्फचे बॉल गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकापासून करत आणि ते गुळगुळीत असत. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नव्या कोऱ्या बॉलपेक्षा ठोके खाऊन ओबडधोबड झालेला बॉल लांब जातो. मग लोक मुद्दाम बॉलला चरे पाडायला लागले. १९०५ मध्ये विल्यम टेलर नावाच्या लेस्टरच्या इंजिनिअरनं या खळग्यांचं पेटंट घेतलं. कारण आपल्याला पाठ आहे : खळग्यांमुळे बॉलला लगटून जाणारा हवेचा थर टर्ब्युलंट होतो, तो बॉलला जास्त वेळ चिकटून राहतो, मागचा वेक लहान होतो आणि ड्रॅग साधारण निम्म्यावर येतो. या खळग्यांच्या बॉलचंही वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही.

पुढे मी कुतूहल म्हणून वाचलं तेव्हा कळलं, की गोल्फ खेळणारे बॉलच्या निवडीवर किती विचार करतात. आपला फटका किती जोराचा, हिरवळ मऊ की टणक, वारा किती, वरचं कव्हर मऊ हवं की कडक, आत थर किती. मऊ कव्हरला जवळच्या फटक्यात जास्त फिरकी मिळते, कडक कव्हर जास्त टिकतं. आणि नवशिक्यानं टीव्हीवरच्या चॅम्पियनचा बॉल आणला म्हणून त्याचे फटके सुधारत नाहीत. महागडा बॉल झुडपात जातो, एवढाच फरक.

म्हणजे जो खेळ आपण खेळत नाही त्याच्या बॉलवर आपण पाच मार्कांचं उत्तर लिहितो, आणि जो रोज संध्याकाळी खेळतो त्याचा बॉल "कुठला तरी" आणतो. इंजिनिअर म्हणवून घ्यायचं असेल तर हे बरं दिसत नाही.

आता सीझन बॉलकडे येऊ. आत कॉर्कचा गाभा, त्यावर ताणून गुंडाळलेला दोरा, वर चामडं आणि मधोमध शिवण. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये त्याचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. एवढ्या चौकटीत बसूनही सगळे बॉल सारखे नसतात. भारतातल्या कसोटी एस.जी.च्या बॉलवर होतात, इंग्लंडमधल्या ड्यूक्सवर, ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरावर. एस.जी. आणि ड्यूक्सची शिवण हाताची आणि उठावदार, कुकाबुराची बाहेरची शिवण मशीनची आणि लवकर बसणारी. बॉल बदलला की खेळ बदलतो. एकदिवसीय सामन्यांत २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगवेगळा नवा बॉल वापरायला लागले, त्यामुळे बॉल पुरेसा जुना होईना आणि रिव्हर्स स्विंग आटला अशी ओरड झाली. शेवटी २०२५ मध्ये चौतिसाव्या षटकानंतर एकच बॉल ठेवायचा नियम आला. दिव्याखाली कसोटी खेळवायची म्हटल्यावर लाल बॉल नीट दिसेना, पांढरा तितकी षटकं टिकेना, म्हणून गुलाबी काढला. २०१५ मध्ये ॲडलेडला त्यावर पहिली कसोटी झाली आणि २०१९ मध्ये आपल्याकडे कोलकात्याला. मोठ्या लोकांकडे कशाचीच कमतरता नाही, तरी ते आधी बघतात : मैदान कसं, उजेड कसा, खेळ किती वेळाचा. आणि मग बॉल.

आपलं मैदान कसं आहे? वर्कशॉपच्या मागे, पावसाळ्यात चिखल आणि दिवाळीनंतर मुरूम. पिच म्हणजे आपणच रोलर ओढून बसवलेली माती. एका बाजूला खडीचा ढीग, तो मी फर्स्ट इयरला आल्यापासून तिथंच आहे. लेग साइडला सायकल स्टँड. अशा मैदानावर चामड्याचा बॉल पाच-सहा ओव्हरमध्ये खरवडून निघतो. त्यानंतर त्याला शिवणही राहत नाही आणि चकाकीही. मग ज्या स्विंगसाठी तो आणला तो स्विंग कुठून येणार? शिवण तिरकी धरली की एका बाजूचा हवेचा थर टर्ब्युलंट होतो, दुसऱ्या बाजूचा लॅमिनारच राहून लवकर सुटतो आणि बॉल शिवणीच्या दिशेनं वळतो, हे सगळं शिवण शाबूत आणि ती एका बाजू चकचकीत असेपर्यंत. आपल्याकडे हातात उरतो तो फक्त दीडशे ग्रॅमचा खरबरीत दगड.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाहीये. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या हॉस्टेलची प्रॅक्टिस मॅच सीझन बॉलवर घ्यायची टूम मीच काढली होती. कॅप्टन मी होतो. "टेनिस बॉलवर काय पोरंसोरंही खेळतात," हे वाक्य माझंच. वर्गणीतून दोन बॉल आणले, स्वस्तातले टू-पीस, कारण फोर-पीस परवडत नव्हते. पॅडची एक जोडी होती, म्हणून दोन्ही बॅट्समननी एकेक पॅड बांधलं. हेल्मेट नव्हतंच. आम्हाला त्यात भलतीच मर्दुमकी वाटत होती.

माझा रूम पार्टनर कव्हरला उभा होता. तो क्रिकेटवेडा वगैरे नाही. अकरा होत नव्हते म्हणून त्याला रूममधून ओढून आणला होता. फार जोराचाही फटका नव्हता तो. सरपटत गेलेला बॉल खडीच्या एका दगडावर आपटून उसळला आणि त्याच्या उजव्या हातावर बसला. आधी आम्ही हसलो. मग त्याचा चेहरा पाहिला. मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं. पाच आठवडे प्लास्टर, आणि तेही ऐन सबमिशनच्या तोंडावर. मशीन डिझाइनच्या शीट्स आम्ही तिघांनी आळीपाळीनं काढून दिल्या, जर्नल लिहून दिलं. पण टेस्टचा पेपर कोण लिहून देणार? ती त्याची बुडाली. ते मार्क पुढे त्याला नडले. किती ते तो सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.

त्याचे वडील रात्रीच्या एस.टी.नं आले. मी त्यांना काय सांगायचं याची तयारी करून बसलो होतो. त्यांनी बोट बघितलं, आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "खेळताना लागायचंच, पोरांनो." चिडले असते तर बरं झालं असतं. कारण ते "खेळताना लागलेलं" नव्हतं. तो बॉल त्या मैदानावर आणायलाच नको होता आणि तो मी आणला होता.

नंतर एकदा बसून साधा हिशेब केला. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. १६० ग्रॅमच्या बॉलची कायनेटिक एनर्जी होते सुमारे ६२ ज्यूल. त्याच वेगानं लॉन टेनिसचा ५८ ग्रॅमचा बॉल आला तर सुमारे २२. पण खरा फरक याहून जास्त आहे. टेनिसचा बॉल आपटल्यावर चेपतो, थांबायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे तेवढ्याच इम्पल्सला कमाल फोर्स कमी बसतो. सीझन बॉल चेपत नाही. चेपायचं काम तो आपल्या बोटावर सोडतो. हे गणित फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचं आहे. मी त्यात पास झालो होतो. उपयोग एवढाच झाला, की बोट मोडल्यावर ते कसं मोडलं हे मला कळलं.

यात बोटावर निभावलं हे नशीब. १९९८ मध्ये ढाक्याला रमण लांबा हा आपला कसोटीपटू शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा होता. बॉल डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. २०१४ मध्ये सिडनीला फिलिप ह्यूज हेल्मेट घालूनही गेला. बॉल हेल्मेटखाली मानेवर लागला होता. ही व्यावसायिक मंडळी, उत्तम मैदानं, शेजारी डॉक्टर. आपल्याकडे फर्स्ट एड बॉक्सची किल्ली ज्यांच्याकडे असते ते पाचला घरी जातात.

"मग काय, टेनिस बॉलवर लुटूपुटूचं खेळायचं?" असं विचारणारे आता उठतील. माझं म्हणणं असं की टेनिस बॉलचं क्रिकेट लुटूपुटूचं नाहीच. तो वेगळा खेळ आहे. त्यात बॉल उंच उसळतो, म्हणून आडव्या बॅटचे फटके लागतात. बॅटवर तो आपणहून येत नाही, टायमिंगपेक्षा खांद्याचा जोर लागतो. कुठल्याही जिल्ह्यात जानेवारी ते मे या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या चषकाचे सामने चालू असतात, तिथं एकेक पोरगा काय फटके मारतो ते बघा. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर दहा-दहा षटकांची टेनिस बॉलची मोठी लीग झाली, टीव्हीवर दिसली. कराचीच्या गल्ल्यांत टेनिस बॉलवर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून खेळतात. टेपमुळे लव झाकली जाते, बॉल जड आणि वेगवान होतो. अर्ध्याच भागाला टेप लावली तर एक बाजू गुळगुळीत आणि एक लवदार, म्हणजे स्विंग आलाच. कुठल्याही लॅबशिवाय पोरांनी शोधलेली ही फ्लुइड मेकॅनिक्स आहे.

पण "टेनिस बॉल" म्हटलं की काम संपलं असंही नाही. इथंही "कुठला तरी" चालत नाही. गेल्या वर्षीच्या त्या प्रकरणानंतर मी जरा नाद लावून घेतला, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, लॉन टेनिसचा खरा बॉल आणि क्रिकेटसाठीचा टेनिस बॉल हे वेगवेगळे. लॉन टेनिसच्या बॉलचे नियम कडक आहेत. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, आणि २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर नेहमीचा बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे कोइफिशियंट ऑफ रेस्टिट्यूशन ०.७३ ते ०.७६. हे बॉल सहसा दाब भरलेल्या डब्यात येतात. डबा उघडला की आतली हवा हळूहळू निघून जाते आणि काही दिवसांत बॉल बसतो. त्यामुळे कुणाच्या काकांनी क्लबमधून आणलेले जुने बॉल ही भेट नव्हे, अडगळ आहे. क्रिकेटचा टेनिस बॉल जाड रबराचा, त्यात पुन्हा दुकानदार "लाइट" आणि "हेवी" विचारतो. हेवी जास्त टिकतो, वाऱ्यात कमी भरकटतो, फटका लांब जातो. आणि लागतोही जास्त. लाइट पोटात मऊ, फास्ट बोलरला फारसा उपयोगाचा नाही, पण स्पिनरला मजा.

दुसरी गोष्ट, लव. नव्या टेनिस बॉलच्या लवेमुळे हवेचा विरोध बराच होतो. ड्रॅग कोइफिशियंट ०.६ च्या आसपास, म्हणजे गुळगुळीत गोळ्यापेक्षाही जास्त. गोल्फचे खळगे ड्रॅग घटवतात आणि टेनिसची लव वाढवते, कारण प्रत्येक तंतू स्वतःचा वेगळा ड्रॅग घेऊन येतो. राबी मेहता म्हणून नासाच्या एम्स सेंटरमधले एक शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी क्रिकेट, टेनिस, गोल्फ अशा सगळ्या बॉलवर काम केलंय. त्यांचा १९८५ चा खेळांच्या बॉलवरचा आढावा लायब्ररीत मिळाला तर जरूर वाचा, सिलॅबसबाहेरचं असूनही समजतं. आपल्या कामाचा मुद्दा इतकाच : लव झिजत जाते तसा बॉल वेगवान होत जातो. दहाव्या ओव्हरचा बॉल आणि पहिल्या ओव्हरचा बॉल एकच नसतो. दव पडलं किंवा बॉल ओल्या गवतात गेला, तर लव पाणी पिते आणि तोच बॉल जड होतो.

आता विकत घ्यायचा कसा. एक, दुकानात बॉल दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघा आणि सहाच्या सहा सारखे लागतायत का ते पाहा. एकच मऊ, पाच कडक असले तर बदलून मागा, लाजू नका. दोन, खांद्याच्या उंचीवरून दोन बॉल एकदम फरशीवर सोडा. दोन्ही सारखे उसळले पाहिजेत आणि सरळ उसळले पाहिजेत. आम्ही जिन्याच्या भिंतीवर खडूनं २५४ सेंटिमीटरची खूण केली होती आणि तिथून टाकून बघत होतो. रेक्टर सरांनी "हे काय चाललंय?" विचारलं. "प्रॅक्टिकल," म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी खूणही पुसायला लावली नाही. तीन, लवेचा जोड नीट चिकटलाय का बघा. निघायला लागलेला जोड म्हणजे तिसऱ्या ओव्हरला सोललेलं संत्रं. चार, एका मॅचचे सगळे बॉल एकाच दिवशी, एकाच प्रकारचे घ्या. आणि पाच, सगळ्यांत महत्त्वाचं : एखादा-दुसरा बॉल नेटमध्ये खेळून थोडा जुना करून ठेवा.

हे पाचवं का? गेल्या वर्षीची फायनल आठवा. शेवटच्या ओव्हरला नऊ हवे होते. बॉल फुटला. अंपायरनं, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या सरांनी, पिशवीतून होता तो एकमेव बॉल काढून दिला. कोरा. बोलरचा यॉर्कर फुल टॉस पडला, पुढचा अंगाखालून उसळला, आणि चार बॉलमध्ये मॅच संपली. नंतर दोन हॉस्टेलं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. कुणाचीही चूक नव्हती. बॉलचा विचार कुणीच केला नव्हता, एवढंच. क्रिकेटच्या नियमातही बॉल हरवला किंवा खराब झाला तर साधारण तितकाच झिजलेला दुसरा द्यायचा असतो. तो नियम करणारे आपल्यापेक्षा जास्त भांडणं बघितलेले असणार.

आता ठरावाच्या बाजूचा मुद्दा. तो खोटा नाही. युनिव्हर्सिटीच्या झोनल मॅचेस सीझन बॉलवर होतात आणि आपली टीम पहिल्याच फेरीत घरी येते, कारण वर्षभर कुणी त्या बॉलवर खेळलेलंच नसतं. हे अगदी कबूल. पण त्यावर उपाय काय? ज्या पंधरा-सोळा जणांना कॉलेजच्या टीमसाठी खेळायचंय त्यांच्यासाठी मॅट टाकून, चारी बाजूंनी जाळं लावून, पूर्ण किटसह आठवड्यातून तीन दिवस नेट्स. जिमखान्यानं आधी चार हेल्मेट, चार जोड्या पॅड, ग्लव्ह्ज आणि गार्ड घ्यावेत आणि त्याच्यानंतर बॉल घ्यावा. आधी बॉल आणि किट "पुढच्या बजेटमध्ये", हा क्रम मला मान्य नाही. मी तो क्रम एकदा करून बघितलाय.

इंटर-हॉस्टेल स्पर्धा त्यासाठी नाही. ती कशासाठी आहे हे एकदा आठवून बघा. आमच्या टीममध्ये गेल्या वर्षी दोघं असे होते, ज्यांनी शाळेत कधी बॅट धरली नव्हती. स्टाफ विरुद्ध फायनल इयर मॅचला मेसचे काका ऑफ स्पिन टाकतात आणि दरवर्षी किमान एका टॉपरचा दांडा उडवतात. वर्कशॉपचे सर गुडघा बांधून स्लिपला उभे राहतात. ऑफिसमधले क्लार्क, जे एरवी खिडकीतून "उद्या या" म्हणतात, ते लाँग ऑनला कॅच घेऊन पोरासारखे नाचतात. सीझन बॉल आला की यातले किती जण मैदानात उतरतील? उरतील ते अकरा-बावीस चांगले खेळणारे, आणि बाकीचे आम्ही बाउंड्रीबाहेर टाळ्या वाजवायला. खेळाचा दर्जा वाढेल म्हणता, वाढेलही. पण खेळणारे कमी होतील. मला ते पटत नाही.

आणखी एक. या सगळ्या चर्चेत लेडीज हॉस्टेलच्या स्पर्धेचा बॉल कुणी ठरवला? दरवर्षी त्यांना प्लॅस्टिकचा बॉल दिला जातो. "त्यांना तोच बरा." त्यांना विचारलं होतं का? यंदा त्यांच्या कॅप्टनशी बोललो. ती म्हणाली, "तो बॉल वाऱ्यावर उडतो. आम्ही क्रिकेट खेळतो की फुगे उडवतो?" त्यांना क्रिकेटचा साधा टेनिस बॉल हवाय. आणि त्यांच्यातल्या दोघी जिल्ह्याच्या टीममधून सीझन बॉलवर खेळलेल्या आहेत, त्यांना नेट्समध्ये यायचंय. महिलांच्या क्रिकेटचा बॉलसुद्धा १४० ते १५१ ग्रॅमचा, म्हणजे पुरुषांच्या बॉलपेक्षा थोडाच हलका असतो. प्लॅस्टिक कुणाच्याही नियमात नाही. म्हणजे एकीकडे ज्यांना झेपत नाही त्यांच्यावर जड बॉल लादायचा आणि दुसरीकडे ज्यांना झेपतो त्यांच्या हातात खेळणं द्यायचं. दोन्हीकडे चूक एकच : खेळणाऱ्याला न विचारता बॉल ठरवला.

म्हणून माझी जिमखाना कमिटीला तीन मागण्या आहेत. इंटर-हॉस्टेलच्या सगळ्या मॅचेस, मुलांच्या आणि मुलींच्या, क्रिकेटच्या टेनिस बॉलवर व्हाव्यात. लाइट की हेवी ते सगळ्या कॅप्टननी एकत्र बसून ठरवावं आणि सगळे बॉल जिमखान्यानंच एकदम आणावेत, थोडे जुने केलेले बदली बॉल धरून. सीझन बॉलचे नेट्स सुरू करावेत, पण किट पूर्ण झाल्यावर, मॅटवर, आणि ज्याला-जिला यायचंय त्या सगळ्यांसाठी. आणि तो खडीचा ढीग उचलावा. या तिसऱ्या मागणीला तरी कुणाचा विरोध नसावा.

माझ्या रूम पार्टनरचं बोट आता बरं आहे. किंचित वाकडं जुळलंय, त्यामुळे ड्राफ्टरवर पट्टी धरताना त्याला अजून त्रास होतो. यंदा मी त्याला टीममध्ये येतोस का विचारायला कचरत होतो. त्यानंच परवा मेसमध्ये विचारलं, "बॉल कुठला आहे?" टेनिसचा म्हटल्यावर म्हणाला, "मग लिही माझं नाव. पण कव्हरला नाही, पॉइंटला."

लिहिलंय. ठराव काय होतो त्यावर त्याचं खेळणं अवलंबून आहे. हात वर करताना एवढं लक्षात असू द्या. बघा, पटतंय का!